अब्बांचा बँड आणि रफीसाहेबांची संध्याकाळ

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दौंडहून धाकट्या भावाचा फोन आला. "आपा, अगले शनिच्चर को आ जाव. रफीसाब का प्रोग्राम है. सौ साल हो रहे उनको."

मोहम्मद रफींचा जन्म २४ डिसेंबर १९२४ चा, अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंह या खेड्यातला. त्यामुळे २०२४ च्या डिसेंबरात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम झाले. दौंडलाही एका मंगल कार्यालयात ठेवला होता. गाणारा तिथलाच. रेल्वेत नोकरी करतो आणि गेली वीस-बावीस वर्षं रफी गातो. फक्त रफी.

मी आधी नाही म्हणाले. परीक्षांचे पेपर तपासायचेत, हे कारण शिक्षकाला नेहमीच हाताशी असतं. खरं कारण वेगळं होतं. ते भावाला ठाऊक होतं, पण तो काही बोलला नाही. "बस, आ जाव," एवढंच म्हणाला.

शनिवारी सकाळची शाळा करून निघाले. शिरूर, न्हावरा, मग चौफुला. तिथे गाडी बदलून पाटसवरून दौंड. चौफुल्याला उतरलं की कलाकेंद्रांच्या पाट्या दिसतात. लहानपणी अम्मीबरोबर या रस्त्यानं जाताना ती माझं तोंड हातानं दुसरीकडे वळवायची. नाचगाण्यावर पोट असलेल्या माणसांकडे बघायचं नाही, असा तिचा नियम होता. गंमत अशी की आमच्या घरातली चूलही गाण्यावरच पेटत होती. अब्बा बँड मास्टर होते.

दौंड हे जंक्शन. इंग्रज त्याला धोंड लिहीत. मनमाडकडे जाणारा फाटा इथूनच निघतो. रेल्वेमुळे देशभरातली माणसं इथं येऊन राहिली, राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गटही इथंच आहेत. लहानपणी आमच्या गल्लीत मराठी, दखनी, तेलुगू, तमिळ, मोडकंतोडकं इंग्रजी असं सगळं कानावर यायचं. अशा गावात लग्नं भरपूर आणि बँडला सुपाऱ्याही भरपूर. अब्बांच्या बँडमध्ये निम्मी माणसं आमच्यातली आणि निम्मी मातंग वस्तीतली होती. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. अब्बा क्लॅरिनेट वाजवत. ते त्याला 'क्लारनेट' म्हणत.

कार्यालय सातलाच भरलं. पुढे सोफ्यावर पाहुणे, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, उजवीकडे बायकांची बाजू. माझ्या शेजारी एक रेल्वेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या, त्यांच्या पलीकडे नातीला मांडीवर घेतलेल्या एक आजी. स्टेजवर मागे रफीसाहेबांचा मोठा फोटो, तोच नेहमीचा हसरा. हल्ली अशा कार्यक्रमांत बहुतेक जण कराओकेच्या ट्रॅकवर गातात. इथं वाद्यं खरी होती: दोन कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड, गिटार आणि एक सॅक्सोफोन. निवेदक दर गाण्याआधी शेर म्हणत होता. निम्मे शेर ज्यांच्या नावावर सांगत होता, त्यांचे नव्हते. मी ओठ घट्ट मिटून बसले.

मग तो आला. पन्नाशीचा, मध्यम उंचीचा, करड्या रंगाचा ब्लेझर घातलेला. माइक हातात घेऊन मराठीत म्हणाला, "मी रफीसाहेब नाही. मी त्यांची नक्कल करतो. नक्कल बरी झाली तर टाळ्या त्यांना द्या, वाईट झाली तर मला सांगा."

पहिल्या दोन गाण्यांत माझ्यातली मास्तरीणच जागी होती. आवाजाचा पोत बराच जवळचा होता. वरच्या पट्टीत जाताना रफीसाहेब आवाज जसा उघडतात, तसा तो उघडत होता. पण उच्चार मराठी. 'ग़म'चा ग साधा, 'ज़िंदगी'चा ज आपल्या 'जिल्हा'तला. आणि 'ख़ुदा'चा ख घशातून यायच्या ऐवजी पुढूनच आला. नुक्ता गेला की ख़ुदाचा 'खुदा' होतो, म्हणजे खोदलेला. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात. मी मनातल्या मनात लाल पेननं खुणा करत होते.

तिसरं गाणं त्यानं मराठी घेतलं, वंदना विटणकरांचं 'शोधिसी मानवा'. संगीत श्रीकांत ठाकरे यांचं. श्रीकांतजी म्हणजे बाळासाहेब ठाकरे यांचे धाकटे बंधू, आणि उर्दूचे चांगले जाणकार. रफीसाहेबांची बहुतेक गाजलेली मराठी गाणी त्यांचीच. देव ज्याला तू बाहेर शोधतोस तो तुझ्या आतच आहे, असं सांगणारं हे गाणं. देवळाचं नाव घेणारं हे गाणं नमाजी पंजाबी माणसाच्या आवाजात महाराष्ट्रानं ऐकलं, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मी मात्र या गाण्यात दुसरंच काही ऐकते. त्यात 'राऊळी' हा शब्द आहे. त्यातला ळ. उर्दू लिपीत ळ लिहायला अक्षरच नाही, ण लिहायलाही नाही. आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात पोरं मराठीच्या वहीत 'शाला' आणि 'पानी' लिहितात, आणि वाचतातही तसंच. मी सांगते, जीभ मागे वळवा. ती हसतात, वळवतात, पुन्हा सरळ करतात. रफीसाहेब शिकले-वाढले ते उर्दूच्या संस्कारात, पण बोली पंजाबी. पंजाबीत ण आहे आणि ळसारखा उच्चार बोलण्यातही आहे. त्यामुळे जीभ मागे वळवणं त्यांना परकं नसावं. तरी मराठीतला ळ नेमका कुठे किती दाबायचा, हे त्यांना कुणाकडून तरी ऐकून, तसंच करूनच शिकावं लागलं असणार. म्हणजे नक्कलच. मराठी गाताना रफीसाहेब मराठी माणसाची नक्कल करत होते, आणि समोर उभा असलेला मराठी माणूस त्या पंजाबी माणसाची. माझं लाल पेन तिथे थांबलं.

रफीसाहेब गेले ३१ जुलै १९८० ला, रमजानच्या महिन्यात, वयाच्या ५५ व्या वर्षी. मी तेव्हा काही महिन्यांची होते. त्यांच्यामागे हिंदी सिनेमानंच आधी त्यांची नक्कल शोधली. अन्वर होते, शब्बीर कुमार आले, मोहम्मद अझीझ आले. 'कुली' (१९८३) मध्ये अमिताभसाठी शब्बीर कुमार गायले आणि 'मर्द' (१९८५) मध्ये मोहम्मद अझीझ. पुढे सोनू निगमनंही सुरुवात रफींच्या गाण्यांनी केली. लोक म्हणत, यांत रफीची सर नाही. म्हणत म्हणत ऐकत मात्र होते. ज्या गावांत सिनेमाचं थेटर नव्हतं, तिथे मात्र शब्बीर कुमारच्याही कितीतरी आधीपासून ही नक्कल पोहोचली होती. ती बँडवाल्यांनी पोहोचवली होती.

जरा आठवून बघा. महाराष्ट्रातल्या लग्नात बँड काय वाजवत होता? वरात निघाली की 'आदमी सडक का' मधलं दोस्ताच्या लग्नाचं गाणं. नवरा-नवरी आले की 'सूरज' (१९६६) मधलं फुलांचं गाणं. मुलगी सासरी निघाली की 'नीलकमल' (१९६८) मधलं बापाच्या दुव्याचं. लग्नाचे तीन टप्पे, आणि तिन्ही गाणी रफींची. शंकर-जयकिशन किंवा रवी ही नावं ज्यांनी कधी ऐकली नव्हती, त्यांनाही या चाली पाठ होत्या. त्या पाठ झाल्या त्या आमच्या अब्बांसारख्या माणसांमुळे, ज्यांचं नाव लग्नपत्रिकेत कधी छापलं जात नाही.

अब्बा गाणी बसवत ती रेडिओवरून. आधी सिलोन, मग विविध भारती. गाणं लागलं की घरात कुणी बोलायचं नाही. पहिल्यांदा नुसतं ऐकायचे, पुढच्या वेळी लागेल तेव्हा सरगम लिहून घ्यायचे. कधी कधी एका गाण्याला महिना लागे. पुढे कॅसेट आल्या आणि काम सोपं झालं. लिहायचे उर्दूत, उजवीकडून डावीकडे. कोमल स्वराखाली आडवी रेघ. मग कर्जत नाहीतर काष्टीच्या लग्नाला जायच्या आधी रात्री खोलीवर सगळ्यांना बसवून घ्यायचे.

त्यांचा एक नियम होता. वरातीच्या वाटेवर मशीद आली की ते डावा हात वर करत आणि बँड थांबे. नुसते पायांचे आवाज. मशीद मागे पडली की हात खाली येई, आणि गाणं जिथं थांबलं होतं तिथून नाही, तर न थांबता वाजवलं असतं तर जिथं पोहोचलं असतं, तिथून सुरू होई. म्हणजे मधली ती सगळी पावलं प्रत्येक जण मनात वाजवत असे. मी लहानपणी एकदा विचारलं, "अब्बा, चुकत नाही का कुणी?" ते म्हणाले, "पहले बहुत चूकते थे."

जमातीत काही जण त्यांना टोकत. बाजा हराम आहे, म्हणत. अब्बा वाद घालत नसत. रफीसाहेबांनीही हजहून आल्यावर काही काळ गाणं सोडलं होतं आणि मग परत सुरू केलं, असं सांगतात; ती गोष्ट अब्बांची आवडती होती. पण मला अब्बांची लाज वाटायची, ती धर्मामुळे नव्हे. हे मी इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढे मी धर्माच्या आड लपले.

पुण्यात बी.एड. करताना फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'व्यापार' लिहिलं. मैत्रिणींना सांगितलं, कापडाचं दुकान आहे. २००४ मध्ये माझा निकाह ठरला. सासरची माणसं शिरूरची, साधी, कष्टाळू. बँड नको, असं ते काही म्हणाले नव्हते. विषयच निघाला नव्हता. मीच एके दिवशी अब्बांना म्हटलं, "अब्बा, मेरी शादी में बाजा नहीं. सादगी से करेंगे. दीन में भी यहीच है ना?" माझ्या बी.एड.च्या मैत्रिणी येणार होत्या. लाल कोटातले अब्बा त्यांना दिसू नयेत, एवढीच माझी सादगी होती.

अब्बा माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "ठीक है बेटा. जैसा तू बोले."

हजारो लोकांच्या मुलींची बिदाई ज्यानं वाजवली, त्या माणसाची मुलगी मुकाट्यानं गाडीत बसून गेली. पुढे डीजे आले, सुपाऱ्या कमी झाल्या, कोट ट्रंकेत गेले. २०१७ मध्ये अब्बा वारले. या विषयावर आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही.

त्या शनिवारी कार्यालयात साडेनऊच्या सुमारास सॅक्सोफोनवाल्यानं सूर धरला आणि मला दोन स्वरांत कळलं, कुठलं गाणं येतंय. 'नीलकमल'चं. उठून जावंसं वाटलं, पण खुर्च्यांची ओळ अरुंद होती. निवृत्त बाई आधीच रुमाल काढून बसल्या होत्या. गाणाऱ्यानं डोळे मिटले. उच्चार तसेच मराठी. पण या वेळी मी खुणा केल्या नाहीत. अंतऱ्याच्या मधल्या जागेत सॅक्सोफोन वाजत होता तेव्हा मी ऐकत होते ते क्लॅरिनेट, आणि त्याला शब्दच नव्हते, त्यामुळे नुक्त्याची चूक होण्याचाही प्रश्न नव्हता. आजींच्या मांडीवरची नात झोपली होती. आजी तिला थोपटत रडत होत्या. एकेका ओळीला लोक उसासे टाकत होते. हे सगळे रफीसाहेबांसाठी रडत नव्हते. प्रत्येक जण आपापल्या घरातल्या कुठल्या तरी लग्नात जाऊन आला होता, आणि त्या लग्नात हे गाणं कुणीतरी लाल कोट घालून वाजवलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर चहा होता. पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे काठी टेकत माझ्याजवळ आले. "मास्तरांची थोरली ना तुम्ही?" मी ओळखलं. अब्बांच्या बँडमधले साइड ड्रमवाले काका. मी लहान असताना त्यांनी मला काठ्या कशा धरायच्या ते शिकवलं होतं. त्यांनी शिरूरची, मुलांची, शाळेची चौकशी केली. मग आपणहून म्हणाले, "आज हे गाणं ऐकलं आणि मास्तर आठवले. तुमच्या लग्नानंतर त्यांनी हे कधी वाजवलं नाही बरं का. बिदाई आली की ट्रम्पेटवाल्याकडे बोट करायचे आणि आपण बाजूला उभे राहायचे. आम्ही विचारलं तर म्हणायचे, माझा दम पुरत नाही याला."

दम पुरत नाही. परण्यापासून वरातीपर्यंत दोन-दोन तास वाजवणारा माणूस.

मी काकांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. चहा तसाच ठेवून आत गेले. स्टेजवर गाणारा ब्लेझर काढून वायरी गुंडाळत होता. भावानं ओळख करून दिली, उर्दू शिकवते म्हणून सांगितलं. तो एकदम ओशाळला. "मॅडम, माझे उच्चार तुम्हाला बोचले असतील." त्यानं पिशवीतून जाड डायरी काढली. त्यात देवनागरीत गाणी लिहिलेली, काही अक्षरांखाली टिंबं, काही टिंबं चुकीच्या ठिकाणी. "टीव्हीवर बघून बघून दिली आहेत. तपासून द्याल का?"

मी विचारलं, "इतकी वर्षं दुसऱ्याचंच गाता. स्वतःचं काही गावंसं नाही वाटत?" विचारताना मला जाणवलं की हा प्रश्न या माणसासाठी नाहीच.

त्यानं जरा विचार केला. "मॅडम, तुम्ही वर्गात कविता शिकवता ना? ती तुमची असते का?"

मी हसले. वीस वर्षं मी इक्बाल आणि कुसुमाग्रज म्हणत आले आहे, दर जूनला नव्या मुलांसमोर, तेच ते, तितक्याच जोरात. एकही ओळ माझी नाही. ती मुलं मोठी झाल्यावर कविता विसरतील, कवी विसरतील, पण कुणाला तरी एखादा सूर आठवेल, ज्या सुरात ती म्हटली गेली होती. माझं असं काही असलंच तर तेवढंच आहे. अब्बांचंही तेवढंच होतं. फरक इतकाच की माझ्या नोकरीला लोक सलाम करतात.

दुसऱ्या दिवशी भावाला म्हटलं, ट्रंक काढ. क्लॅरिनेट कापडात गुंडाळलेलं होतं, रीड कधीच मोडून गेलेली. खाली वह्या, चार. भाऊ मराठी शाळेत शिकला, त्याला उर्दू वाचता येत नाही. त्यामुळे इतकी वर्षं त्या कुणी उघडल्या नव्हत्या. वर गाण्याचं नाव, मग पिक्चर, मग संगीतकार, खाली सरगम. शेजारी समासात सूचना: 'वरातीला चालेल', 'हळदीला नको', 'इथे ड्रम एकटा', 'मारुतीपुढे हे नाही, भजन'. गाणाऱ्याचं नाव सगळीकडे. अब्बांचं स्वतःचं नाव कुठेच नाही, वहीच्या पुट्ठ्यावरही नाही.

तिसऱ्या वहीत 'नीलकमल'चं पान सापडलं. सरगम निळ्या शाईत, जुनी. सुरुवातीला 'क्लारनेट' लिहिलेलं. त्यावर आडवी रेघ मारून वेगळ्या, काळ्या शाईत 'ट्रम्पेट'.

वह्या मी शिरूरला आणल्या आहेत. त्या गायकाची डायरीही आली आहे. रविवारी दुपारी घरातली कामं आटोपली की बसते. त्याच्या डायरीत टिंबं योग्य जागी देते, आणि अब्बांची सरगम देवनागरीत उतरवून काढते. त्याच्या सॅक्सोफोनवाल्याला ती हवी आहे. एरवी मुलांच्या वह्यांत मी चुका शोधते. इथे नुसतं उतरवायचं असतं, जसं आहे तसं. दोन वह्या झाल्या, तिसरी अर्धी झाली. ते एक पान मात्र अजून उतरवलेलं नाही. तिथपर्यंत येते, बोट ठेवते, आणि पुढच्या गाण्यावर जाते.